नऊ नंबरची कॅसेट: टेपवरून सीडीवर, घरच्या घरी

14 एप्रिल 2007, शनिवार

माळ्यावरची गोणी आज खाली काढली. 26 जुलै 2005 च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या कॅसेट चिखलात गेल्या होत्या. त्या दिवसांत धान्य, गाद्या, कागदपत्रं यातच चिपळूणकरांचा जीव अडकलेला. आईने कॅसेट नुसत्या निथळवल्या, गोणीत भरल्या आणि माळ्यावर ठेवल्या. "फेकू नको कुणी, त्यात सासूबाईंचा आवाज आहे," एवढंच म्हणाली. त्याला आता दोन वर्षं होत आली.

मोजल्या. एकूण 23. चौदा साठ मिनिटांच्या, नऊ नव्वद मिनिटांच्या. सहा वरच्या कप्प्यात होत्या म्हणून वाचल्या, बाकी सतरा चिखल खाल्लेल्या. बहुतेकींच्या चिठ्ठ्यांवरची शाई पसरली आहे. प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नंबर दिला आणि वहीत नोंद केली: वाचता येतं ते काय, किती मिनिटांची, बाहेरून कशी दिसते.

हे सगळं काकामुळे आहे. 1984 साली गल्फमधून पहिल्या सुटीला आला तेव्हा त्याने टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) आणला आणि महिनाभर जे कानावर पडेल ते टेप केलं. देवळातलं भजन, बहिणीच्या लग्नातली मंगलाष्टकं. परत गेल्यावर घरून त्याला पत्रांऐवजी कॅसेट जायच्या, त्याच्याकडून यायच्या. नऊ नंबरवर त्याच्या अक्षरात अजून वाचता येतं: "आईच्या ओव्या, जात्यावर. दिवाळी 84." मागच्या बाजूला: "कोरी." आजी 1991 मध्ये गेली, काका तिच्या आधी दोन वर्षं. नऊ नंबर चिखलवाल्या सतरांपैकीच आहे.

सीडीच करायच्या हे ठरलं. गावी आत्याकडे सीडी प्लेअर आहे, कॉम्प्युटर नाही. मुंबईच्या आणि मस्कतच्या भावंडांना पाकिटात घालून पाठवताही येतील.

15 एप्रिल, रविवार

मित्राकडून त्याचा जुना कॅसेट डेक आणला. कितीतरी वर्षं बंद होता. झाकण उघडलं तर आतल्या रबरी बेल्टचं डांबर झालेलं, बोटाला चिकटून धागे निघत होते. ते सगळं पुसून काढण्यातच सकाळ गेली. बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे मापाचा बेल्ट मिळाला.

हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा डेकचा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. कानातल्या कापसाच्या काडीवर तपकिरी थर आला, चार काड्या होईपर्यंत येत राहिला. तो थर म्हणजे जुन्या फितींवरून झडलेला लोहाचा ऑक्साइड. आवाज त्याच्यावरच असतो, म्हणून हेड घाण असेल तर आधी "टेप खराब झाली" असंच वाटतं. रबरी चाकाला अल्कोहोल लावलं नाही, रबर कडक होतं. ते साबणाच्या पाण्याने पुसून सुकवलं.

डेकच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिनांतून वायर काढून कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात घातली. शेजारचं गुलाबी भोक माइकचं. त्यात डेक जोडला तर आवाज फाटतो, कारण माइकचा आवाज बारीक धरून ते तो खूप वाढवतं. विंडोजमध्येही आवाज "लाइन इन"मधून घ्यायचा असं सांगावं लागलं. पहिल्या चाचणीत गाण्याच्या खाली सतत "हूंऽऽ" येत होतं. डेकचा प्लग एका भिंतीला, कॉम्प्युटरचा दुसऱ्या. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले आणि ते जवळपास गेलं.

18 एप्रिल, बुधवार

ऑफिसातून आल्यावर दोन तास. आवाज पकडायला आणि साफ करायला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट मिळतं आणि माझ्या कामाला पुरेसं आहे. सेकंदाला 44,100 नमुने, 16 बिट, दोन चॅनेल. सीडीला हेच लागतं, त्यामुळे नंतर बदलाबदल नको. मिनिटाला साधारण 10 एमबी जागा जाते. साडेसत्तावीस तासांचे झाले 17 जीबीच्या आसपास. माझी डिस्क 40 जीबीची, बसेल.

आवाजाची पातळी ठरवताना सगळ्यात मोठा आवाज कुठे आहे ते आधी ऐकून घेतलं आणि तिथे काटा उणे 6 डेसिबलच्या वर जाणार नाही अशी बेताने ठेवली. कमी आला तर नंतर वाढवता येतो. वर जाऊन कापला गेला तर तो तुकडा कायमचा गेला.

काही नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. टेप आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवायची, म्हणजे चिकटलेली वेटोळी सुटतात. पकडलेला आवाज आहे तसा एका फाइलमध्ये ठेवायचा आणि सगळी साफसफाई तिच्या नकलेवर करायची. आणि कॅसेटवर "कोरी" लिहिलेलं असलं तरी दोन्ही बाजू शेवटपर्यंत घ्यायच्या.

21 एप्रिल, शनिवार

सकाळी चार नंबर लावली, देवळातलं भजन, नव्वद मिनिटांची. चाळिसाव्या मिनिटाला लाइट गेली. कॉम्प्युटर बंद, फाइल गेली. कोयनेची वीज आमच्याच तालुक्यात पोफळीला तयार होते, आणि आम्ही लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीला लावून बसतो. याचं मला खरंच वाईट वाटतं. चाळीस मिनिटं पुन्हा वाजवणं म्हणजे त्या फितीची आणखी एकदा झीज.

आता वेळापत्रक बघूनच बसायचं. लाइट आल्यावर लगेच सुरुवात नाही, पंधरा मिनिटं थांबायचं, कारण आल्या आल्या पुन्हा जाते. एक बाजू झाली की लगेच सेव्ह. नव्वदवालीची बाजू 45 मिनिटांची. एवढा सलग वेळ रात्री अकरानंतर हमखास मिळतो.

22 ते 28 एप्रिल

सहाही कोरड्या कॅसेट झाल्या. रोज रात्री एक. मंगलाष्टकांच्या कॅसेटमध्ये फीत हेडला दाबून धरणारा नमद्याचा तुकडा गळून पडला होता, त्यामुळे आवाज लांबून आल्यासारखा. बाजारातल्या एका स्वस्त कोऱ्या कॅसेटमधून पत्रीसकट काढून बसवला. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

29 एप्रिल, रविवार

आज चिखलवाल्या. थेट नऊ नंबरला हात लावायचं धाडस नव्हतं. आधी सिनेमागाण्यांची एक विकतची कॅसेट घेतली, ती कुठेही पुन्हा मिळेल.

पुराच्या पाण्याने आवाज पुसला जात नाही, हे आधी समजून घेतलं. फितीचा पाया पॉलिस्टरचा, त्यावरचं चुंबकत्व पाण्याने धुऊन जात नाही. धोका असतो तो चिखलाच्या बारीक कणांचा. तशीच वाजवली तर ते फितीला आणि हेडला दोघांना ओरबाडतात. दुसरा धोका बुरशीचा, गुंडाळीच्या कडेला पांढरी लव दिसते ती.

पाच स्क्रू काढून कवच उघडलं. आत गाळाचा पापुद्रा, तळहातावर ठेवला तर भुरभुरत होता. दोन्ही फिरक्या फितीसकट अलगद उचलून डिस्टिल्ड वॉटरच्या ताटात ठेवल्या. पाणी चहासारखं झालं. पाचव्या पाण्याला नितळ राहिलं. मग वर्तमानपत्रावर स्वच्छ सुती कापड, त्यावर फिरक्या, पंखा लांबून आणि हळू. ऊन दाखवायचं नाही, फीत वाकडी होते. अधूनमधून फिरकी उलटवायची. संध्याकाळी नव्या कवचात घालून वाजवली. दोन ठिकाणी आवाज क्षणभर बुडाला, बाकी स्वच्छ आला.

रात्री नऊ नंबर उघडली. तिच्या कवचाला स्क्रू नाहीत, कडा चिकटवलेल्या आहेत. ब्लेड शिवणीत घालून मिलिमीटर मिलिमीटर करत उकललं, अर्धा तास लागला. बुरशी एकाच बाजूला होती, बाहेरच्या वेटोळ्यांवर. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये जवळजवळ 90 मीटर फीत असते. ती सगळी एका तळहातावर मावत होती, आणि आजीचा आवाज जगात तेवढ्या एका गुंडाळीतच होता. सहा पाणी दिली. कापडावर ठेवली आणि खोलीचं दार लावून घेतलं, मांजर शिरू नये म्हणून.

1 मे, मंगळवार

सुट्टी. दोन दिवस सुकली होती. नव्या कवचात घातली आणि पेनाने हाताने गुंडाळली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मऊ कापडाच्या घडीतून सरकवत. दोन जागी चुणी पडली आहे. तुटलेली कुठे नाही.

वाजवली. घरघर आली, तिच्यातून एक बाई गाते आहे हे कळत होतं, पण तोंडावर पदर धरून बोलावं तसं. "स" आणि "श" तर नव्हतेच.

फितीचा दोष नव्हता. फीत जेमतेम 3.81 मिलिमीटर रुंद असते. टेप करणाऱ्या मशीनचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात वाजवणाऱ्याचं हेड असेल तर बारीक, तीक्ष्ण आवाज पूर्ण येतात. कोन केसभर चुकला तरी आधी तेच जातात. काकाच्या टू-इन-वनचं हेड थोडं तिरपं असणार. तो टू-इन-वन पुरात गेला, म्हणून माझ्या डेकचं हेड त्याच्यासारखं तिरपं करणं भाग होतं. हेडच्या शेजारी स्प्रिंगवाला एक स्क्रू असतो. त्याची मूळ जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने खूण करून ठेवली, दोन्ही चॅनेल एकत्र करून हेडफोन लावले आणि टेप चालू असताना बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवत गेलो. एकीकडे फिरवलं तर आणखी घोगरं. दुसरीकडे, घड्याळाच्या मिनिटकाट्याची पाचेक मिनिटं होतील एवढं, आणि आवाज उघडला. खुंटा करकरला. बांगड्या वाजल्या. आजीने श्वास घेतला तो ऐकू आला.

मी तेरा वर्षांचा होतो ती गेली तेव्हा. तिचा आवाज मला आठवत नाही असंच मी समजत होतो. आईला हाक मारली, ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली, हेडफोनचा एक कान धरून उभी राहिली आणि पूर्ण ओवी होईपर्यंत हलली नाही.

सत्तावीस मिनिटं ओव्या आहेत. मग जातं थांबतं, दीडेक मिनिट नुसतं घर ऐकू येतं, आणि खट्ट.

6 मे, रविवार

आई म्हणत होती की आवाज सासूबाईंचाच, पण शेवटी शेवटी पोरीसारखा होतो. तिचं बरोबर होतं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओव्या एकापाठोपाठ लावल्या की फरक लख्ख कळतो. 1984 ला गावच्या घरी वीज नव्हती, टेप सेलवर चाललेली. सेल उतरत गेले तशी फीत हळू सरकली, आणि हळू सरकलेली फीत आज नेहमीच्या वेगाने, सेकंदाला 4.76 सेंटिमीटरने वाजवली की आवाज चढतो. किती चढला ते मोजायला वीज असती तर बरं झालं असतं. मेन्सची 50 हर्ट्झची घरघर टेपमध्ये उतरते आणि ती मोजता येते. इथे तीही नाही.

तीन रात्री यावर विचार केला. उत्तर त्या दीड मिनिटात होतं. जातं थांबल्यावर मागे भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाची टिकटिक येते. जातं सुरू होण्याआधीही येते. ते घड्याळ गावच्या माजघरात अजून त्याच खुंटीला आहे आणि आत्या दर आठवड्याला किल्ली देते.

म्हणून आज गावी गेलो. स्टॉपवॉच घेऊन शंभर टिकटिकी मोजल्या, पाच वेळा. सरासरी 46.2 सेकंद. टेपवर सुरुवातीला शंभर टिकटिकींना 45.3 सेकंद लागतात, शेवटी 43.0. म्हणजे सुरुवातीला आवाज 2 टक्के चढलेला, शेवटी 7 टक्क्यांहून थोडा जास्त. मधल्या भागात जात्याच्या आवाजात टिकटिक हरवते, पण आजी दाणे वैरायला थांबते तिथे पाच-सहा ठोके पकडता आले. घरी आल्यावर नकलेचे आठ तुकडे केले आणि प्रत्येकाचा वेग त्याच्या हिशेबाने उतरवला: पहिला उणे 2, शेवटचा उणे 7, मधले पायरीपायरीने. तुकडे ओव्यांच्या मधल्या विसाव्यात कापले, त्यामुळे सांधा कानाला लागत नाही.

12 मे, शनिवार

आज आवाज साफ केला. ऑडॅसिटीला नुसत्या खरखरीचा नमुना दाखवायचा, मग ते सगळीकडून ती खरखर वजा करतं. दोन ओव्यांच्या मधला तुकडा नमुना म्हणून दिला, स्लायडर बराच उजवीकडे नेला. खरखर साफ गेली. आजीचा आवाज एकटा, समोर. मला तो फार आवडला. एक सीडी लगेच लिहिली.

13 मे, रविवार

सीडी घेऊन गावी. आत्या सत्तरीच्या पुढची आहे. ओटीवर सुपात तांदूळ निवडत ऐकू लागली. पहिल्या ओवीला हात थांबला. दुसरीला ती सोबत गुणगुणायला गेली आणि चुकली. पुन्हा गेली, पुन्हा चुकली. मग म्हणाली, "आवाज आईचाच रे. पण जाता कुठं गेला?"

मी खरखर काढली त्याचं समजावलं. तिने सूप बाजूला ठेवलं, मांडी घातली आणि हवेतच खुंटा धरून हात फिरवून दाखवला. खुंटा आपल्याकडे येतो तेव्हा शब्द, पलीकडे जातो तेव्हा श्वास. ओळीच्या शेवटी स्वर लांबतो तो फेरा पुरा करायला. "जाता नाय तर म्हणू कशी मी?"

घरी येऊन पुन्हा ऐकलं आणि माझी चूक कळली. ओव्यांच्या मधला जो तुकडा मी खरखर म्हणून दिला होता त्यात जातं फिरतच होतं. प्रोग्रामने ते इमानाने वजा केलं. लांबलेल्या स्वरांच्या शेपट्याही त्यात कापल्या गेल्या, आणि काल मला स्वच्छ वाटला तो आवाज विहिरीतून आल्यासारखा आहे. आणखी एक गोष्ट. टू-इन-वन आवाजाची पातळी स्वतःच कमीजास्त करतो. आजी गात असते तेव्हा तो पातळी खाली घेतो, ती थांबली की वर, म्हणून विसाव्यात खरखर आणि मागचा कोंबडा दोन्ही मोठे होतात. तिथला नमुना गाण्याखालच्या खरखरीपेक्षा मुळातच जोराचा. तो सगळीकडे लावला की जास्तच खरवडलं जाणार.

ओव्या छापलेल्याही वाचल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी लाखावर ओव्या जमवल्या, ध्वनिमुद्रणंही केली, हे माहीत होतं. आजीच्या ओव्या मी वहीत उतरवून घेणारच आहे. पण खुंट्याचा फेरा वहीत कसा लिहिणार? नऊ नंबरला खरखर काढणं पूर्ण रद्द. चुणी पडलेल्या दोन जागी खट्ट वाजतं तेवढं हाताने काढलं. भजनाला आणि बोलत्या पत्रांना हलकी सफाई ठेवली, तिथे ती खपते. स्लायडर अगदी डावीकडे.

20 मे, रविवार

नऊ नंबर सोडून बाकीच्या चिखलवाल्यांपैकी तेरा वाचल्या. तिघींची फीत बुरशीने एकमेकीला चिकटली आहे, ओढली तर ऑक्साइड सोलून येतो. त्यांना जबरदस्ती केली नाही. कोरड्या डब्यात ठेवल्या आहेत.

आज आत्याने ओव्यांचे भाग पाडून दिले. ही माहेरची, ही थोरल्या भावाची, ही गल्फला गेलेल्या लेकाची. ही शेवटची म्हणताना तिने कॅसेट थांबवायला सांगितली. एकूण चौदा ट्रॅक. सीडी लिहिताना ट्रॅकच्या मध्ये आपोआप दोन सेकंदांची शांतता येते, ती शून्य केली आणि सगळी सीडी एका दमात लिहायचा पर्याय घेतला, नाहीतर दर ट्रॅकला जातं अडखळलं असतं. वेग 8 एक्स. नाव मार्करने आतल्या कड्याजवळ, वर कागदी स्टिकर नाही. मूळ, न छेडलेली फाइल वेगळ्या डेटा सीडीवर, तिच्या दोन प्रती. एक मुंबईला जाईल.

लिहायला सुरुवात करण्याआधी वहीतल्या खुणा तपासल्या तर नऊ नंबरच्या दुसऱ्या बाजूपुढे खूण नव्हती. "कोरी" वाचून मीच पुढे गेलो होतो. रात्री अकराला लावली.

अकरा सेकंद आहेत. आजी विचारते, "अजून चालूच हाय काय रं? बंद कर, सेल संपतील." आणि काका अगदी माइकजवळून, हसत: "राहू दे गो आई, सेल भरपूर आणलेत मी." मग खट्ट, आणि पुढे तीस मिनिटं नुसती फीत.

ही बाजू शेवटच्या ओव्यांनंतर लगेच टेप झालेली, म्हणून वेग उणे 7 केला. काकाचा आवाज त्याच्या जागेवर आला. ट्रॅक पंधरा.